पीक कापणीचा आकडा कुणीकडे झुकतो?

सोलापूर जिल्ह्यात पीकविम्याचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: आकडा चुकीचा लावलाय. शेतकऱ्याला वाटतं उत्पन्न फुगवून लिहिलं. कंपनीला वाटतं मुद्दाम कमी दाखवलं. मधल्या मध्ये तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक दोन्हीकडची बोलणी खातात. पण ज्या एका आकड्यावर सगळे तुटून पडतात, त्याच्याकडे नुसतं बघून तो प्रामाणिक आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, हजारो शेतांपैकी दहा शेतं निवडून काढलेली सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा थोडी वर किंवा थोडी खाली येणारच. तपासायची असते ती आकडा काढण्याची रीत. तीच रीत पुन्हा पुन्हा वापरली तर चुका कधी वर, कधी खाली पडून एकमेकींना फेडतात, की सगळ्या एकाच बाजूला साचत जातात? पहिल्या प्रकारच्या रीतीला संख्याशास्त्रात अनभिनत आकलक म्हणतात, दुसऱ्या प्रकारच्या रीतीला अभिनत. महाविद्यालयात हा धडा परीक्षेतल्या गुणांपुरता शिकवला जातो. माझ्या मते तो ग्रामसभेत समजावून सांगायला हवा. आपल्या जिल्ह्यातल्या लाखो लोकांचे पैसे आता याच धड्यावर ठरतात.

राज्यातला एक रुपयाचा पीकविमा 2023 च्या खरिपात सुरू झाला आणि 2025 च्या खरिपापासून बंद झाला. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा विमा रकमेच्या खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत गेला. चर्चा झाली ती बहुतेक या हप्त्याची. त्याहून मोठा बदल दुसरा होता. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान या भरपाईच्या वेगळ्या वाटा काढून टाकल्या आणि सगळा भार पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर आला. त्याच वर्षी सप्टेंबरात सीनेला महापूर आला आणि करमाळा, माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत काठची शिवारं पाण्याखाली गेली. पूर्वी निदान 72 तासांत तक्रार नोंदवायची एक वाट होती. आता कापणीचा आकडा जे म्हणेल ते.

म्हणून हा आकडा निघतो कसा, ते आधी पाहू. नियमाप्रमाणे विमा क्षेत्र ग्रामपंचायत असेल तर मुख्य पिकाचे किमान 4 प्रयोग, मंडळ असेल तर 10, तालुका असेल तर 16 आणि जिल्हा असेल तर 24. गाव आणि गट नंबर यादृच्छिक संख्यांवरून निवडायचे. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक संख्येइतकी पावलं आत जायचं, ठरलेल्या मापाचा चौकोन दोरीने आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, वाळल्यावरचं वजन धरायचं. कागदावर ही रीत फार चांगली आहे. कोणतं शेत घ्यायचं हे माणसाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, आणि सगळी ताकद त्या एका गोष्टीत आहे.

समजा एक छोटी वाडी आहे आणि तिथे ज्वारीची पाचच शेतं आहेत. एकरी उत्पन्न 2, 3, 4, 6 आणि 10 क्विंटल. खरी सरासरी 5. पाचांतली दोनच शेतं चिठ्ठी टाकून निवडायची, तर दहा वेगवेगळ्या जोड्या होतात. त्यांच्या सरासऱ्या येतात 2.5, 3, 4, 6, 3.5, 4.5, 6.5, 5, 7 आणि 8. दहांपैकी बरोबर 5 सांगणारी जोडी एकच. बाकीच्या नऊ चुकतात, काही तर भलत्याच चुकतात. तरीही या दहांची सरासरी काढा, ती नेमकी 5 येते. रीत अनभिनत आहे याचा अर्थ एवढाच. ती एका वेळी खरं सांगेल अशी हमी कुणी दिलेली नाही. ती कुणाच्या बाजूने झुकलेली नाही, एवढी हमी आहे.

आता चिठ्ठीतून 2 क्विंटलचं शेत काढून टाका. कारण काहीही असू शकतं: ते लांब आहे, रस्ता चिखलाचा आहे, मालक गावात नाही. उरलेल्या चार शेतांतून निघणाऱ्या सगळ्या जोड्यांची सरासरी 5.75 होते. प्रयोगांची संख्या वाढवून हा पाऊण क्विंटलाचा फुगवटा जात नाही. चारही शेतं कापली तरी उत्तर 5.75 च येणार. बाजार समितीतला काटा प्रत्येक पोत्यामागे किलोभर जास्त दाखवत असेल, तर शंभर पोती तोलून तो सुधारत नाही. उलट त्याच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो. प्रयोग वाढवा ही मागणी रास्त आहे, पण आकड्याचं डळमळणं आणि आकड्याचं झुकणं या दोन रोगांपैकी ती पहिल्याच रोगावरचं औषध आहे.

आपल्या जिल्ह्यात हे वाईट शेत चिठ्ठीतून गळण्याची सर्वांत धोकादायक वाट वेगळीच आहे. पीक पार गेलं की शेतकरी वाट बघत बसत नाही. उभ्या वाळल्या पिकात जनावरं सोडतो, नाहीतर रोटाव्हेटर फिरवून पुढच्या पेरणीला रान मोकळं करतो. पुराच्या काठावर तर पिकाबरोबर मातीच वाहून जाते. कापणीचं पथक निवडलेल्या गटावर पोचतं तेव्हा तिथे कापायला काही नसतं. अशा वेळी त्या शेताचं उत्पन्न शून्य धरून सरासरीत घेतलं तर रीत सरळ राहते. शेत बदलून शेजारचा उभ्या पिकाचा गट घेतला तर सरासरी फक्त वाचलेल्या शेतांची होते, आणि जितकं नुकसान मोठं तितका हा फुगवटाही मोठा. ज्या वर्षी आकडा सरळ असण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्या वर्षी तो जास्तीत जास्त झुकतो. यात कुणी लबाडी करावी लागत नाही. कर्मचारी प्रामाणिक, कंपनीचा प्रतिनिधी हजर, कापणीची नोंद करायच्या ॲपमध्ये फोटो आणि जागेची नोंद पक्की, तरीही आकडा वाकडा. ॲप सांगतं की कापणी कुठे झाली. चिठ्ठीत पहिला कोणता गट निघाला होता आणि तो का बदलला, हे गावाला कळल्याशिवाय त्या फोटोचा उपयोग अर्धाच.

याची दुसरी बाजू कंपन्यांनी ऐकावी अशी आहे. त्याच वाडीचं उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली उत्पन्न गेलं तरच भरपाई मिळते ती रेषा, 5.5 धरा. खरं उत्पन्न 5, म्हणजे खरी तूट अर्ध्या क्विंटलाची. चिठ्ठी सचोटीने टाकली तरी दहांपैकी चार जोड्या 6 किंवा त्याहून जास्त दाखवतात आणि वाडीला छदामही मिळत नाही. उरलेल्या सहा जोड्यांत तूट 3, 2.5, 1.5, 2, 1 आणि 0.5 दिसते. दहाही जोड्यांवर सरासरी तूट काढली तर ती 1.05 येते, खऱ्या तुटीच्या दुपटीहून जास्त. उत्पन्नाचा अंदाज अनभिनत असूनही त्यावरून निघणारी भरपाई फुगते, कारण उंबरठ्याच्या वरची चूक शून्यावर थांबते आणि खालची चूक पैशांत मोजली जाते. दोनऐवजी चार शेतं कापली तर हीच सरासरी तूट 0.55 वर येते. म्हणजे प्रयोग मोजके ठेवून कंपनीचा फायदा होतो हा समज या हिशेबात टिकत नाही. पैसे जास्त जातात, आणि जातात ते चुकीच्या वाडीला. ज्याचं नुकसान झालं तो कोरडा, ज्याचं थोडंच झालं त्याला भरभरून. गावागावांत एकमेकांकडे संशयाने बघायला लावणारी ही विषमता लोक भ्रष्टाचार समजतात. बऱ्याचदा ती अपुऱ्या नमुन्याची करणी असते.

झुकाव नसावा याचं भान या देशात ज्यांनी रुजवलं त्यांत एक आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात 1911 साली जन्मलेले. लंडनमध्ये संख्याशास्त्राचं शिक्षण घेऊन ते परतले आणि 1940 च्या दशकात वि. गो. पानसे यांच्यासोबत त्यांनी यादृच्छिक निवडीवर आधारलेली पीक कापणीची पद्धत उभी केली. त्याच काळात दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये अगदी लहान तुकडे कापून अंदाज काढत होते. लहान तुकडा स्वस्त, म्हणून कमी पैशांत जास्त ठिकाणी जाता येतं, हा त्यांचा हिशेब. सुखात्म्यांनी संयुक्त प्रांतातल्या (आजच्या उत्तर प्रदेशातल्या) गव्हावर वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून पाहिले आणि 1946 मध्ये नेचर या नियतकालिकात निष्कर्ष मांडला: तुकडा जितका लहान, तितका उत्पन्नाचा अंदाज फुगलेला. महालनोबिसांनी आपल्या प्रशिक्षित माणसांच्या हातून तसं होत नाही असं उत्तर दिलं आणि वाद बराच काळ चालला. दोघेही मोठे. शेतावरच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांच्या हातातल्या कामापुरतं मला सुखात्म्यांचं म्हणणं पटतं. त्यामागचं कारण मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभं राहून कुणालाही बघता येईल.

खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत साधारण 45 सेंटिमीटर अंतर. चौकोन 5 मीटर रुंद असेल तर त्यात 11 ओळी बसतात. बारावी ओळ नेमकी दोरीवर येते. ताटाचा बुंधा दोरीच्या एक बोट बाहेर, कणीस मात्र झुकून आत आलेलं, भरलेलं, टपोरं. विळा हातात असलेला माणूस काय करेल? नियम सांगतो, बुंधा आत असेल तरच ताट घ्यायचं. पण उभं कणीस सोडून द्यायला हात धजत नाही. ती एक ओळ घेतली की उत्पन्न 9 टक्क्यांनी वाढलं. चौकोन 10 मीटर रुंद असता तर 22 ओळींत एक ओळ, साडेचार टक्केच. एक मीटर लांब-रुंद तुकड्यात तर दोनच ओळी. तिथे एका ओळीची चूक म्हणजे दीडपट. काठ लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने फार मोठा असतो आणि काठावरची प्रत्येक शंका माणूस ‘घ्या’ अशीच सोडवतो. वजनातला ओलावाही तसाच: कणसं पुरती न वाळवता तोललं की आकडा वरच जातो, खाली कधी नाही. (कापणीत दाणा मोजतात, कडबा मोजत नाहीत. ज्या जिल्ह्यात कडब्यावर गोठे चालतात तिथे निव्वळ दाण्यावर नुकसान ठरवणं अपुरं आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पैसेवारीकडे, म्हणजे गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं या सरकारी अंदाजाकडे, या नजरेतून पाहिलं की तिचं दुखणंही उलगडतं. खरिपाची पहिली पैसेवारी नावानेच नजरअंदाज. अनुभवी माणसाची नजर मी कमी लेखत नाही, पण नजरेला मध्याकडे ओढ असते. भरघोस वर्षी ती हात राखून सांगते आणि वाईट वर्षी इतकंही वाईट नसेल म्हणून थोडं वर. अनेक वर्षांच्या सरासरीत हे खपून जाईल. दुष्काळाचा निर्णय मात्र सरासरी वर्षी होत नाही. 50 पैशांच्या रेषेजवळ 46 चे 52 झाले की गावाच्या सवलतींवर पाणी पडतं. सांगोला, मंगळवेढ्यासारख्या तालुक्यांना पैसेवारीचा राग येतो त्याच्या मुळाशी मला ही ओढ दिसते.

झुकाव म्हटला की वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. उंबरठा उत्पन्न काढताना मागच्या सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी घेतात. सात वर्षांचं उत्पन्न 2, 3, 4, 5, 6, 7, 8 असेल तर खरी सरासरी 5 आणि उत्तम पाचांची 6. हा उघड झुकाव आहे, शेतकऱ्याच्या बाजूने, विचार करून आणि जाहीर नियमाने घेतलेला. दुष्काळी वर्षांनी उंबरठा खाली ओढू नये म्हणून तो घेतला आणि तो योग्यच आहे. मात्र पुढच्याच ओळीत त्या 6 ला 70 टक्के जोखीमस्तराने (उत्पन्नाचा किती हिस्सा विम्यात धरायचा त्या प्रमाणाने) गुणतात आणि हातात उरतात 4.2. वर दिलेलं खालून काढून घेतलं जातं. तरीही इथे तक्रार करता येते, कारण दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत. कापणीच्या शेतात शिरणारा झुकाव कुठेच लिहिलेला नसतो.

उपग्रहाचंही तसंच. केंद्राने 2023 च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पन्नात तंत्रज्ञानावर आधारलेल्या अंदाजाला किमान 30 टक्के वजन दिलं, पुढे सोयाबीनही त्यात आलं. कल्पना चांगली आहे. उपग्रह प्रत्येक शेत बघतो, शेत चुकवत नाही, दोरीवरच्या कणसापुढे त्याचा हात अडखळत नाही. पण तो हिरवेपणा बघतो आणि त्यावरून दाणा ताडतो. हस्त-चित्राच्या पावसावर ताटं हिरवीगार उभी राहावीत आणि दाणा भरायच्या वेळी ओल संपून कणसं पोचट निघावीत, हे आपल्याकडच्या ज्वारीत नवीन नाही. दुसरीकडच्या रानावर शिकवलेलं प्रारूप इथे लावलं तर ते एका बाजूला झुकेल, आणि डळमळत नसल्यामुळे ती चूक चूक वाटणारही नाही. दोन अंदाज मिसळायचे तर उपग्रहाच्या अंदाजाचा झुकाव आधी आपल्याच जिल्ह्यातल्या काटेकोर कापण्यांवर मोजून वजा करायला हवा.

तज्ज्ञांचा आणखी एक सल्ला असतो: एका गावातले प्रयोग थोडे असतील तर शेजारच्या गावांच्या आकड्यांचा आधार घ्या. जेम्स आणि स्टाइन यांनी 1961 मध्येच दाखवलं की तीन किंवा अधिक सरासऱ्यांचा एकत्र अंदाज करताना प्रत्येकीला थोडं मध्याकडे ओढलं तर एकूण चूक कमी होते. गणित पक्कं आहे. जिल्ह्याला किती धान्य लागेल, चारा कुठून आणायचा, अशा नियोजनाला ही पद्धत मी आनंदाने वापरेन. भरपाईला नको. गारपिटीने एकच गाव झोडपलं असेल तर मध्याकडे ओढल्यावर नेमकं तेच गाव बरं दिसायला लागतं. एकूण चूक कमी झाली, पण उरलेली चूक ज्याच्या पदरी पडली तो आधीच बुडालेला. निरेच्या कालव्यावरचं माळशिरस आणि कोरडवाहू सांगोला यांना परस्परांचा आधार द्यायचा म्हटलं तर हा अन्याय आणखी वाढेल.

तेव्हा मागणी आकडा बदलण्याची नको. निवड गावासमोर व्हावी. चिठ्ठीत निघालेले गट नंबर, राखीव नंबरांसह, कापणीच्या आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. गट बदलला तर कारण तिथेच लिहिलं जावं आणि पीक बुडाल्यामुळे कापणी झाली नसेल तर त्या गटाचं उत्पन्न शून्य धरलं जावं. सरासरीसोबत तिचा विस्तारही छापावा: मंडळाचं उत्पन्न 5 क्विंटल म्हणताना दहा प्रयोगांत ते 2 पासून 10 पर्यंत होतं, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. आणि दरवर्षी थोड्या गटांवर दोरीचा चौकोन कापून झाल्यावर अख्खं शेत वेगळं कापून, मळून, तोलून पाहावं. दोन आकड्यांतला फरक वर्षानुवर्षं एकाच बाजूला पडत असेल तर झुकाव सापडला, मोजला गेला, आणि दुरुस्त करता येईल. हे काम इथल्या विद्यापीठातल्या आणि कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी करण्यासारखं आहे. विस्ताराच्या सूत्रात नमुन्याच्या संख्येने (n) न भागता एक कमी करून (n−1) का भागायचं हे पाठ करण्यापेक्षा, स्वतः दोरी धरल्यावर झुकाव कुठून शिरतो हे त्यांना कायमचं समजेल.

यातलं काहीही खर्चिक नाही. फलक आहे, ॲप आहे, यादृच्छिक संख्यांचे तक्ते आहेत, नियम लिहिलेले आहेत. रब्बी ज्वारीची कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होते. त्याच्या पंधरा दिवस आधी प्रत्येक ग्रामपंचायतीत गट नंबरांची यादी लागलेली असावी, आणि ती नसेल तर ग्रामसभेने लेखी मागावी.